गंगाबाईच्या कोंबड्या सुटल्या की

हां, तर कोंबड्यांचं सांगत होते ना मी? मंग तेच लिव. नको, थांब. आधी मैना लिव, कोंबड्या नंतर येतील आपल्या पायांनी. आनि मी बोलते तसंच लिव, शाळेतल्यासारखं इस्त्री करून लिवू नको. नायतर जनीला वाटंल कुना दुसऱ्याच म्हातारीनं सांगितलंय. जनी म्हनजे मैनाची सून. हे सगळं तिच्यासाठीच चाललंय.

मैना आमची शेजारीन. आमची नि तिची भिंत एक. तिच्या चुलीवर फोडनी पडली की शिंक मला यायची. तिचा नवरा दयाराम, तो उघाडीवर होता. आता तुमी पोरं उघाडी कुठं बघायला जाता? आमची शेतं या बाजूला, कामोठ्याची खाडी त्या बाजूला, नि मधी मातीचा बांध. त्या बांधात एक लाकडाचं दार, ती उघाडी. भरती यायच्या आधी दार खाली सोडायचं, म्हनजे खारं पानी भातात शिरत नाय. ओहोटी लागली की दार वर ओढायचं, म्हनजे पावसाचं गोडं पानी खाडीत निघून जातं. एवढंच काम. पन एवढंच चुकलं तर अख्ख्या गावाच्या तोंडचा घास गेला. त्याच्या बदल्यात सुगीला घरटी भात मिळायचा. दयारामाच्या बापानं तेच केलं, त्याच्या आज्यानं तेच.

आता भरती काय घड्याळात बघून येते? आज न्याहारीला आली तर उद्या जरा उशिरा, परवा आनखी उशिरा. सरकत सरकत दुपारी येते, मंग दिवेलागनीला, मंग मानसं गाढ झोपल्यावर. त्यामुळं दयारामाचं जेवन पान्यावर, झोप पान्यावर. मैना चूल पेटवायच्या आधी भिंतीपलीकडून मला विचारायची, "आज तिथी कोन गं? पंचमी ना? मंग भात उशिराच टाकते."

आनि एक गोष्ट लिव, ती नाय कळली तर पुढचं कायच कळनार नाय. अवस-पुनवेच्या आसपास खाडीला उधान असतं, पानी बांधाला धडका देतं. आनि अष्टमीच्या आसपास पानी मेलेलं असतं, वर चढतच नाय. त्याला आमी भांग म्हनतो. भांगाच्या दिवसांत उघाडी सताड उघडी ठेवली तरी खारं पानी उंबऱ्याला शिवत नाय. ते दयारामाचे घरी बसायचे दिवस. खाटेची सुंभं आवळायची, छपराची कौलं सारखी करायची, नि मैनाच्या मागं मागं करायचं.

गोरे निघून गेले, त्याच्या पुढच्या-मागच्या सालातली गोष्ट. मैना भाकर घेऊन बांधावर गेली तर दयाराम पडलेला. डोळे फिरलेले, दातखीळ बसलेली, तोंडाला फेस, हातपाय झाडतोय. आकडी. गाव म्हनालं, पान्यातल्या आसरांनी धरलं. मंग नारळ दिला, हिरवा खन दिला, कोंबडं दिलं. गाव निवांत झालं. दुसऱ्यांदा आकडी आली ती घरातच. ती मैनानं कोनाला सांगितलीच नाय. भिंतीला कान असून मलाही कळलं नाय, म्हनजे बघ.

भाजीची पाटी डोक्यावर घेऊन ती पनवेलच्या बाजाराला निघाली नि दयारामाला पाटी उचलू लागायला म्हनून संगती नेलं. पाटी एका बाईजवळ ठेवली नि गेले डाक्तरकडं.

डाक्तर भला मानूस. त्यानं सगळं विचारलं नि म्हनाला, "कामाची वेळ काय तुमची?"

दयाराम म्हनाला, "पान्यावर."

"म्हणजे सकाळी की संध्याकाळी?"

"कवा सकाळी, कवा संध्याकाळी. पानी बोलवंल तवा."

डाक्तर हसला. म्हनाला, "तुमच्या पाण्याचं मला कळत नाही. गोळीचं कळतं. दिवसातून दोनदा, रोज. एक दिवससुद्धा सोडायची नाही. आणि पाणी, विस्तव, दोन्हींपासून लांब राहा."

"डाक्तर, पान्यापासून लांब रायलो तर खाऊ काय?"

"मग निदान गोळी तरी सोडू नका."

मैनानं ते ऐकलं. 'रोज' हा शब्द तिनं नीट ऐकला होता, हे ती मला शेवटपर्यंत सांगायची. मला कळलं नाय असं मी म्हननार नाय, म्हनायची.

पन घरी आल्यावर गोळीची एक खोड कळली. गोळी घेतली की दयाराम जड व्हायचा. जीभ जड, डोळे जड, बसल्या जागी मान लवायची. असा मानूस दार सोडायला गेला नि बांधावरच झोपला तर? तवा मैनानं आपलं डोकं चालवलं. उघाडी लावून, पाय धुवून दयाराम ओट्यावर आला की गोळी. भरती दोनदा येते, उघाडी दोनदा लागते, गोळ्या दोन. बसलं का नाय बरोबर? तिला भारी कौतुक वाटलं स्वतःचं. ती दयारामाला म्हनाली, "डाक्तरकडं घड्याळ हाय तर आपल्याकडं खाडी हाय."

गोळ्या ठेवायच्या कुठं, तर तिच्या आईनं दिलेल्या पितळी करंड्यात. आतलं कुंकू संपलं होतं पन रंग रायला होता, त्यानं गोळ्या लालसर व्हायच्या. दयाराम म्हनायचा, "मैने, गोळीला पन नवरीसारखी नटवलीस. आता हिच्याशी संसार करायचा मी." आनि खरंच आकड्या थांबल्या. सगळा उन्हाळा एकदाही पडला नाय.

मंग पाऊसकाळ लागला. उन्हाळ्यातल्या भांगाला पन तिनं गोळी सोडली नवती. आता आला पावसातला पयला भांग. उघाडी लावायची नाय, दयाराम घरीच. मैनानं करंडा उघडला नि हात थांबला तिचा. तिला वाटलं, ह्यांना धरलंय ते पान्यानं. पानी तर आता मेलंय, नि ह्यो बाप्या माज्या डोळ्यासमोर खाटेवर बसलाय. उगाच गोळी कशाला घालवायची? पनवेलची वाट चिखलात गेलीय, गोळ्या संपल्या तर आनायच्या कशा? भादव्यातलं उधान सगळ्यात मोठं, तवा कमी पडल्या तर? तिनं करंडा मिटला.

दयारामानं विचारलं, "आज नवरी नाय का?"

"आज भांग हाय. पान्याला दात नायत आज."

"बरं झालं," तो म्हनाला. "जीभ जरा मोकळी तरी होईल. तुज्याशी भांडायला येईल."

कायच झालं नाय. पानी जिवंत झालं, उघाडी लागायला लागली, गोळ्या सुरू. पुढच्या भांगाला परत बंद. तवाही कायच झालं नाय. करंडा भरत चालला. बायकांना भाताची कनगी भरलेली बघून जसं पोटातून बरं वाटतं, तसं मैनाला तो करंडा बघून वाटायचं. काटकसरी बाई ती. सुगरन म्हनवून घ्यायची हौस. आपन नवऱ्यासाठी साठवतोय, असंच तिच्या मनात.

गौरी आल्या. गौरी म्हनजे भादव्यातली अष्टमी, म्हनजे भांगच. घरात पाहुने, वडे, भाजी, नाच. दयाराम ढोलकं घेऊन बसला होता. मैनानं त्याला आग्रह करकरून वडे वाढले. गोळी नाय दिली.

गौरी गेल्या नि बारशीला पानी जागं झालं. वारा पन पश्चिमेचा, त्यानं पानी आनखी फुगवलं. ऊन कलल्यावर दयाराम उघाडी सोडायला गेला.

आता गंगाबाई आली गोष्टीत. गंगाबाई म्हनजे आमच्या पलीकडची, नवरा लवकर गेलेली. पोर नाय, बाळ नाय. एक शेत, एक म्हैस आनि कोंबड्या. जीभ कोयत्यासारखी. शेत तिचं सगळ्यात खालचं, अगदी उघाडीच्या तोंडाशी. त्या दिवशी ती बांधावर म्हशीसाठी गवत कापत होती. तिनं बघितलं, दयारामानं दोर धरला, दार अर्धं खाली आनलं, नि तसाच दोरासकट आडवा झाला. दार मधेच अडकलं. तो घसरला तो बांधाच्या आतल्या अंगाला, चिखलात, तोंड पान्यात.

गंगाबाई धावली. दाराखालून खारं पानी भसाभस आत येत होतं. तिनं हाका मारल्या, पन वाऱ्यात कोन ऐकतंय? दार खाली दाबायला गड्याचा जोर लागतो. तिनं दाराकडं बघितलं, आपल्या भाताकडं बघितलं. भात पोटरीवर आलेला, पोटुशा बाईसारखा. मंग तिनं दयारामाची कमरेची कास्टी पकडली नि ओढला त्याला वर. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बांधावर बसली, पदरानं त्याच्या नाकातोंडातला चिखल काढत. आनि समोर तिच्या शेतात पानी चढत होतं, ते बघत.

शेवटी शेतात चढलेलं पानी बघून गडी धावत आले नि दार बसवलं, तवर खालचं शेत भरलं होतं. बाकीच्यांचं थोडक्यात वाचलं. गंगाबाईचं गेलं. थोड्याच दिवसांत त्या भाताचा रंग उतरला, पाती पिवळी, मंग तांबडी. एक लोंबी भरली नाय.

देवळात गाव बसलं. दाजी म्हातारा गावातला मोठा, त्यानं विचारलं, "काय रं दयाराम? झोपलास का काय झालं?"

दयाराम उभा रायला. म्हनाला, "ताडी पिलो होतो."

मैना बायकांत खांबाला टेकून बसली होती. तिच्या तोंडापर्यंत शब्द आला. पन घरून निघतानाच दयारामानं तिला बजावलं होतं, "पिनाऱ्याला गाव शिव्या देतं नि सोडून देतं. आकडीवाल्याच्या हातात उघाडी कोन देईल? तू तोंड उघडायचं नाय." तिनं तोंड उघडलं नाय. आनि आकडी कशामुळं आली, हे तर त्याच्याही ध्यानात आलं नवतं. ते फक्त मैनाला नि त्या करंड्याला म्हायत होतं.

एकजन म्हनाला, "सनाची जरा जास्त झाली वाटतं." हसले सगळे. दाजी म्हनाला, यंदाचा उघाडीचा भात सगळा गंगाबाईला द्यायचा, नि परत असं झालं तर उघाडी दुसऱ्याला. दयारामानं मान हलवली. गंगाबाई काय बोलली नाय. ती मैनाकडं बघत बसली होती. मैनानं पदर पुढं ओढला.

तवापासून दयाराम ताडीवाला झाला. जन्मात ज्यानं ताडीचं मडकं तोंडाला लावलं नाय तो. पोरं त्याच्या मागून झोकांड्या खात चालायची. त्या पोरांत त्याचा स्वतःचा पोरगा जगन पन होता, लहान, त्याला वाटलं खेळ हाय. एकदा मैनानं ते बघितलं नि त्याला धपाटा घातला. मंग घरात येऊन तोच हात तिनं स्वतःच्या तोंडावर मारून घेतला. तो आवाज मी भिंतीतून ऐकला. तवा मला वाटलं, नवरा पितो म्हनून रडते बिचारी.

वाट जरा सुकल्यावर ती एकटीच डाक्तरकडं गेली. करंडा घेऊन. डाक्तरनं झाकन उघडलं नि म्हनाला, "एवढ्या उरल्या कशा?"

मैनानं सांगितलं. उधान, भांग, सगळं. तो बिचारा ऐकत रायला. चिडला नाय. म्हनाला, "बाई, भांगाच्या दिवसांत तुम्ही तो बांध काढून घरी आणून ठेवता का?"

"नाय."

"का? पाणी तर येत नाही ना तेव्हा?"

"काढला तर परत घालायला वेळ कुठला? पानी आलं की बांध उभाच पायजे."

डाक्तरनं करंडा तिच्याकडं सरकवला. तिचं तिलाच कळलं. मंग तो हळू म्हनाला, "गोळीचा बांध अंगात असाच रोज लागतो. पाणी असो नसो."

करंडा तिनं पदरात घट्ट बांधला नि चालत निघाली. खांदेश्वराच्या तळ्याजवळ येऊन बसली. तिला गौरीचे वडे आठवले. एवढा आग्रह केला मी वड्यांचा, म्हनायची. तीन-तीनदा वाढले. नि जे द्यायचं ते झाकून ठेवलं. आकडी कोनी आनली? आसरांनी नाय, पान्यानं नाय. मी.

घरी न जाता ती गंगाबाईच्या दारात गेली. गंगाबाई कोंबड्या कोंडत होती.

"बाय, तुजा भात ह्यांनी नाय घालवला. मी घालवला."

"दिवे लागायच्या वेळेला काय बोलतेस? बस."

मैना बसली नाय. करंडा उघडून समोर धरला नि सगळं सांगितलं. गंगाबाईनं एक गोळी उचलून बघितली, परत टाकली.

"ताडी पिला नवता ते मला म्हायत हाय," गंगाबाई म्हनाली. "माज्या मांडीवर त्याचं तोंड होतं. ताडीचा वास मला कळत नाय होय? माजा नवरा त्यातच गेला."

"मंग देवळात का नाय बोललीस?"

"तू बोलशील म्हनून बघत होते."

मैना तिथंच खाली बसली. गंगाबाईनं तिला जवळ घेतलं नाय, हाकललं पन नाय. खुराड्याचं दार लावलं, दगड टेकला. मंग म्हनाली, "गेला भात काय तू रडल्यानं उगवनार नाय. ती गोळी कवा द्यायची?"

"सकाळ-संध्याकाळ. पन आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ कुठं असते? ह्यांचं सगळं पान्यावर."

"माज्या कोंबड्यांना पानी-बिनी कळत नाय. उजाडलं की ओरडतात, मावळलं की आत. भांग असो, उधान असो. मी सोडल्या की तुला हाक मारीन, कोंडल्या की मारीन. तवा द्यायची."

"संध्याकाळी घेतली नि मंग रातचं पानी आलं तर? त्यांना झोप आवरत नाय."

"मंग रातचं दार तू सोड. हात हायत ना?"

असं झालं ते. मैना उघाडीवर जायला शिकली. आधी दयारामाबरोबर गेली, मंग रातच्या पान्याला एकटी. गडी हसले, ताडीवाल्याची बायको दार धरते म्हनाले. एका बाईला जोर पुरत नाय म्हनून तिनं दोराला दगड बांधला, तो सोडला की दार आपसुक बसायचं. पुढं सगळे तसंच करायला लागले.

आनि रोज सकाळी गंगाबाईची हाक यायची, "मैने, सुटल्या गं." संध्याकाळी, "मैने, कोंडल्या." आमच्या आळीला वाटायचं, काय ही कोंबड्यांची दवंडी पिटते म्हातारी. मलाही वाटायचं. पाऊस असो, लगीन असो, गंगाबाईच्या अंगात ताप असो, हाक चुकली नाय. मैना "हां बाय" म्हनायची नि करंडा उघडायची. दयारामाला पुढं आकडी आली नाय असं नाय, एक-दोनदा आली, पन घरात, मानसांत. बांधावर कवाच नाय.

सगळ्यांना वाटंल, बरं झालं, सुटली मैना. सुटली नाय. रोज दोनदा तिच्या कानात तोच आवाज. ज्या बाईचा भात बुडवला तीच बाई तुज्या नवऱ्याच्या गोळीची आठवन करते, ते सोपं वाटतं का तुला? पुढच्या वर्सालाही त्या शेतात मीठ उरलं होतं, रोप धरंना. गंगाबाई कोनाच्या कोनाच्या शेतात मजुरीनं लावनीला गेली. संध्याकाळी कमरेत वाकून आली नि कोंबड्या कोंडून हाक मारली. मैनानं त्या दिवशी आपलं वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

एकदा मैना तिला म्हनाली, "बाय, आता हाक नको मारू. मला सवय झालीय, माजं मी देते."

गंगाबाई म्हनाली, "माजा भात घालवून बसवलेली सवय हाय ती. मोडायची नाय."

भातावरून ती एवढंच बोलली. जन्मात एकदा. तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, मैना म्हनायची.

गंगाबाई गेली तवा तिच्या कोंबड्या मैनानं आपल्या अंगनात आनल्या. सकाळी सोडताना स्वतःच हाक मारायची, "सुटल्या गं." कोनाला मारायची? दयाराम ओट्यावर बसून हात पुढं करायचा. मंग दयाराम पन गेला, साध्या तापानं, खाटेवर. त्याच्या तेराव्याला देवळात कोनीतरी म्हनालं, मानूस चांगला, नुसती ताडी नडली. मैना खांबाला टेकून बसली होती. तेच देऊळ, तोच खांब. तवाही तिनं तोंड उघडलं नाय. मला हे सगळं तिनं सांगितलं ते आता, गेल्या शिमग्याच्या आधी, खाटेला खिळल्यावर. मी म्हनाले, "अगं, पोराला तरी सांगायचं." तर म्हनाली, "तुजा बाप पीत नवता हे सांगायला गेले तर करंडा उघडावा लागतो. धीर झाला नाय."

आता नीट लिव, बाबा. जगनला पन मोठेपनी आकडी लागली, ते घरातल्यांनाच म्हायत हाय. तो रसायनीच्या कारखान्यात पाळीवर जातो, कवा सकाळची, कवा दुपारची, कवा रातची. बापाचं पानी तसा ह्याचा कारखाना. मैनाच्या बाराव्याला जनी भांडी घासता घासता मला सहज म्हनाली, "मावशी, सुट्टीच्या दिवशी ते गोळी घेत नायत. मशीन नाय ना त्या दिवशी, मंग कशाला? उरलेल्या मी जपून ठेवते." माज्या हातातलं तांब्याचं भांडं तसंच रायलं. तिथं बाया बसल्या होत्या, बोलता आलं नाय. आता माजे गुडघे रसायनीपर्यंत जात नायत.

म्हनून तू जा. जनीला हे वाचून दाखव, तिला अक्षर येत नाय. सांग, सुट्टीला पन गोळी दे. तुमच्या चाळीत कोंबड्या नसतील तर शेजारीन असंल, तिला सांग म्हनावं हाक मारायला, लाजू नको. आनि जगन घरात असंल तर त्याला पन बसव ऐकायला. तो म्हनतो ना, मी बापासारखा नाय, थेंबाला शिवत नाय. त्याला सांग, बाप पन शिवला नवता.